बांधावरचं भांडण

कर्जतहून खोपोलीची लोकल पकडली की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चार छोटी स्टेशनं लागतात. मग रूळ संपतात आणि समोर घाट उभा राहतो. त्या घाटाच्या अंगावरून खाली उतरणारे जाडजूड पाइप इथं वाढलेल्या माणसाच्या इतके सवयीचे असतात, की तो त्यांच्याकडे बघतही नाही. मीही बघत नव्हतो. इंजिनिअरिंगला टर्बाइन शिकताना पुस्तकात 'पेल्टन व्हील'ची आकृती आली, तेव्हा कळलं की हे चाक आपल्या उशाशी शंभर वर्षांहून जास्त काळ फिरतंय.

कॉलेज संपलं, नोकरी सॉफ्टवेअरची लागली आणि टर्बाइन मागे पडलं. मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी ते चाक लॅपटॉपमध्ये फिरवून बघायची हुक्की आली. पूर्ण चाक नाही, त्याची एकच वाटी. नोझलमधून पाण्याची धार सुटते, वाटी तिच्यासमोरून जाते, पाणी वळून बाहेर पडतं, एवढंच. ओपनफोम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं, दोन-तीन शनिवार-रविवार घातले. वाटी फिरली. एरर आली नाही. निळ्या-लाल रंगातलं चित्र इतकं देखणं होतं की मी ते स्टेटसलाही टाकलं.

मग सहज हिशोब केला. नोझलमधून जेवढं पाणी आत येत होतं, तेवढं बाहेर पडत नव्हतं. साठतही नव्हतं. मधल्या मध्ये ते नाहीसं होत होतं.

ते पाणी कुठं जातंय हे शोधता शोधता मी ज्या तंत्राच्या इतिहासात शिरलो, त्याचं नाव 'ओव्हरसेट मेश', म्हणजे एकीवर एक चढवलेल्या जाळ्या. हा इतिहास खोपोलीहून निघून पुण्यावरून कॅलिफोर्नियाला जातो आणि तिथून अशा एका अपघातापाशी पोचतो, जो आपल्या पिढीने लहानपणी टीव्हीवर पाहिला किंवा नंतर शाळेच्या पुस्तकात वाचला.

०००

आधी खोपोली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून आणावा लागे, तो महाग पडे आणि धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने कोसळणारं पाणी अडवून त्यापासून वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली होती. १९०४ मध्ये ते गेले. पुढे १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथल्या तलावांत पाणी साठवायचं आणि ते घाटावरून पाइपांतून खाली सोडायचं, अशी ही योजना. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं.

तलाव आणि वीजघर यांच्या उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक आहे. एवढ्या उंचीवरून आलेलं पाणी नोझलमधून सुटतं तेव्हा धारेचा वेग सेकंदाला साधारण शंभर मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असतो. हे गणित बारावीच्या पुस्तकातलंच आहे: दोन गुणिले गुरुत्वप्रवेग गुणिले उंची, आणि त्याचं वर्गमूळ. पाइपातलं घर्षण धरलं तर वेग थोडा कमी भरतो.

असं पाणी अंगावर घेणारं चाक लेस्टर पेल्टन या अमेरिकन कारागिराचं. कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणी होत्या, तिथली यंत्रं डोंगरावरून येणाऱ्या पाण्यावर चालत. पेल्टनने चाकाच्या कडेला जोडवाट्या बसवल्या. दोन वाट्यांच्या मधोमध धारदार कणा. धार कण्यावर आपटते, दोन भागांत फाटते आणि दोन्ही वाट्यांतून जवळजवळ उलट दिशेला वळून बाजूला पडते. वाटी धारेच्या साधारण निम्म्या वेगाने धावत असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात जोर उरतच नाही. सगळा जोर चाकाने घेतलेला असतो आणि पाणी थकल्यासारखं खाली गळतं. १८८० मध्ये पेल्टनला याचं पेटंट मिळालं.

संगणक नसताना ही चाकं कशी घडवली? छोट्या प्रतिकृती करून, पाणी मोजून, वाटीचा आकार थोडा थोडा बदलून. आत किती पाणी गेलं आणि दांड्यावर किती जोर मिळाला, हे दोन आकडे हातात असले की चाक चांगलं की वाईट ते कळे. वाटीच्या आत, सेकंदाच्या शंभराव्या भागात पाणी नेमकं कसं वळतं, ते मात्र डोळ्यांना दिसत नसे.

०००

ते बघायची सोय समीकरणांत होती. वाहत्या पाण्या-हवेचे नियम नाव्हिए आणि स्टोक्स यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकातच लिहून झाले होते. पण वाटीसारख्या वेड्यावाकड्या आकारात ती समीकरणं कागदावर सुटत नाहीत. मग युक्ती केली जाते. पाणी जिथून वाहतं त्या सगळ्या जागेचे बारीक बारीक खण पाडायचे. खणांच्या या जाळीला 'मेश' म्हणतात. प्रत्येक खणात दाब किती, वेग किती, याचा एकेक आकडा ठेवायचा आणि प्रत्येक खणाने फक्त आपल्या शेजाऱ्यांशी हिशोब जुळवायचा. असे लाखो शेजारी पुन्हा पुन्हा हिशोब जुळवत राहिले की प्रवाहाचं चित्र तयार होतं.

जगभर हा हिशोब ज्या पद्धतीने केला जातो, तिच्यामागे पुण्यात शिकलेला एक माणूस आहे. सुहास पाटणकर पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून १९६२ मध्ये पदवीधर झाले, १९६४ मध्ये आयआयटी मुंबईतून एम.टेक. झाले आणि १९६७ मध्ये लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजातून ब्रायन स्पॉल्डिंग यांच्या हाताखाली पीएच.डी. घेऊन बाहेर पडले. दाब माहीत नसेल तर वेग काढता येत नाही आणि वेग माहीत नसेल तर दाब, हा तिढा सोडवणारी 'सिम्पल' नावाची रीत या दोघांनी १९७२ मध्ये मांडली. आज तुमच्या फोनमधल्या चिपचं तापमान असो की गाडीच्या एसीची हवा, त्यामागच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सिम्पल' किंवा तिची एखादी बहीण सापडतेच.

१९८० मध्ये पाटणकरांचं छोटेखानी पुस्तक आलं, 'न्यूमरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो'. त्यात त्यांनी चार मूलभूत नियम सांगितले. पहिला नियम आपल्या शेतकऱ्याला समजवावा लागणार नाही. दोन खणांच्या मधल्या भिंतीतून जे जातं, ते दोन्हीकडच्या वहीत सारखंच लिहिलं गेलं पाहिजे. पाटाचं पाणी वरच्या वाफ्यातून जेवढं सुटलं, तेवढंच खालच्या वाफ्यात उतरलं पाहिजे. वरचा म्हणतो दहा बादल्या दिल्या आणि खालचा म्हणतो नऊच मिळाल्या, असं चालणार नाही. हा नियम पाळला, तर जाळी कितीही भरड असली तरी एकूण पाण्याचा हिशोब चुकत नाही. चित्र धूसर येईल, पण पाणी चोरीला जाणार नाही.

माझ्या लॅपटॉपवर पाणी चोरीला जात होतं, म्हणजे कुठंतरी हा पहिला नियम मोडत होता.

०००

एकच जाळी असेल आणि आतली वस्तू स्थिर असेल तर हा नियम पाळणं सोपं असतं. वस्तू हलायला लागली की कुरबूर सुरू होते. वाटी पुढे सरकली की तिच्या पुढचे खण दबतात आणि मागचे ताणले जातात. वाटी जरा जास्त सरकली की खणांचे आकार इतके पिचतात की हिशोबच फुटतो. दर वेळी जाळी नव्याने विणावी, तर वेळ जातो आणि जुन्या जाळीवरचे आकडे नव्या जाळीवर उतरवताना गडबड होते. पंख्यासारख्या गोल फिरणाऱ्या वस्तूंसाठी गोल तुकडा कापून तो फिरवायची सोय आहे, पेल्टनच्या चाकासाठीही ती वापरतात. पण दोन वस्तू एकमेकींपासून सुटून वाटेल तशा दूर जाणार असतील, विमानातून टाकलेल्या टाकीसारख्या, तर तीही सोय पुरत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे विणण्याचा हट्ट सोडायचा. प्रत्येक वस्तूभोवती तिची स्वतःची जाळी, अंगाला बेतलेल्या कपड्यासारखी. या सगळ्या जाळ्या एका मोठ्या साध्या जाळीवर नुसत्या ठेवून द्यायच्या. वस्तू हलली की तिची जाळी तिच्याबरोबर अख्खी सरकेल; तिचा एकही खण पिचणार नाही.

एकमेकांवर चढणाऱ्या जाळ्यांचे प्रयत्न आधीही झाले होते. पण ज्या नावाने हे तंत्र रुजलं ते १९८३ मध्ये जोसेफ स्टेगर, कॅरल डोहर्टी आणि जॉन बेनेक यांच्या शोधनिबंधातून आलं: 'कायमेरा'. ग्रीक पुराणातला हा प्राणी सिंह, बोकड आणि साप यांना जोडून झालेला. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेल्या शरभाच्या जातकुळीतला म्हणा. वेगवेगळ्या अंगांची जाळी, पण देह एक.

या देहाला जोडणारी कामं तीन. पहिलं, छेद पाडणं. पार्श्वभूमीच्या मोठ्या जाळीतले जे खण वाटीच्या धातूच्या आत येतात, तिथं पाणी असूच शकत नाही, म्हणून ते बंद करायचे. दुसरं, किनार ठरवणं. छेदाच्या कडेचे मोठ्या जाळीतले खण आणि वाटीच्या जाळीच्या बाहेरच्या कडेचे खण स्वतः हिशोब करत नाहीत, ते दुसऱ्या जाळीकडून आकडा उसना घेतात. तिसरं, दाता शोधणं. किनारीच्या प्रत्येक खणासाठी दुसऱ्या जाळीतले असे खण शोधायचे, जे त्याच जागेवर आहेत आणि स्वतः हिशोब करतात. त्यांच्या आकड्यांचा सुवर्णमध्य काढायचा आणि मागणाऱ्याच्या हातावर ठेवायचा. ज्या खणाला दाताच मिळत नाही, त्याला या विषयातले लोक 'ऑर्फन' म्हणतात, म्हणजे अनाथ.

खरी मेख या उसनवारीत आहे. दाता देतो तो आकडा त्या जागेसाठी अगदी पटण्याजोगा असतो. इकडे पाच, तिकडे सात, मग मधे सहा. पण पाटणकरांचा पहिला नियम आकडा पटतो का हे विचारत नाही. भिंतीतून किती गेलं आणि पलीकडे किती पोचलं हे विचारतो. किनारीवर दोन्ही जाळ्यांची मिळून एक सामाईक भिंतच नसते, त्यामुळे दोन्ही वह्या जुळतीलच याची हमी नसते. साध्या ओव्हरसेट पद्धतीत ही फट जन्मापासून आहे. ती बुजवण्याचे उपाय पुढे लोकांनी शोधले, पण प्रत्येक उपायाची काही ना काही किंमत मोजावी लागते.

आपल्याकडे जमिनीच्या वादाबद्दल कोणालाही विचारा. भांडण शेतात नसतं, बांधावर असतं.

०००

हे तंत्र वाढलं ते अवकाशयानाच्या अंगाखांद्यावर. अमेरिकेचं स्पेस शटल हा मुळातच कायमेरा होता. मधे विमानासारखं ऑर्बायटर, त्याच्या पोटाखाली इंधनाची अवाढव्य टाकी, टाकीच्या दोन बाजूंना दोन रॉकेटं. या सगळ्यांच्या मधल्या फटींतून आवाजापेक्षा वेगाने हवा जाते. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजरचा अपघात झाला. त्यानंतरच्या काळात या जोडगोळीवर हवेचा भार नेमका कुठं किती येतो, हे नव्याने तपासायची निकड वाढली. १९८८ मध्ये पीटर बनिंग आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण शटलच्या चढाईचा हिशोब एकमेकांवर चढवलेल्या जाळ्यांनी मांडला. ऑर्बायटरची जाळी वेगळी, टाकीची वेगळी, रॉकेटची वेगळी. पुढच्या काही वर्षांत बारीकसारीक भागांनाही जाळ्या मिळत गेल्या आणि त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली.

त्याच १९८८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातून पीएच.डी. झालेली एक तरुणी कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स संशोधन केंद्रात रुजू झाली. हॅरियरसारखं उभं उतरणारं विमान जमिनीजवळ आलं की त्याच्याभोवती हवा कशी वागते, हा तिचा विषय. १९९३ मध्ये ती लॉस आल्टोस इथल्या एका कंपनीत उपाध्यक्ष आणि संशोधक म्हणून गेली. एकमेकांच्या संदर्भात हलणाऱ्या अनेक वस्तूंभोवतीचा प्रवाह मांडणं हे तिथल्या चमूचं काम. कंपनीचं नाव होतं 'ओव्हरसेट मेथड्स'. आणि त्या तरुणीचं नाव कल्पना चावला.

शाळेच्या पुस्तकात आपण तिला अंतराळवीर म्हणून भेटतो. ती हरयाणातल्या कर्नालची, ती दोनदा अंतराळात गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण अंतराळवीर म्हणून निवड होण्याआधी तिचं पोटापाण्याचं काम हेच होतं: जाळीवर जाळी चढवायची आणि त्यांच्यातला प्रवाह नीट चालतोय का ते बघायचं. मला हे कळलं ते माझं हरवलेलं पाणी शोधताना, आणि मग कितीतरी वेळ मी कोडकडे परत गेलोच नाही.

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोम म्हणजे आपल्या थर्मोकोलचा जरा दणकट भाऊ. वजन एक किलोही नाही. दुसऱ्या दिवशी व्हिडिओत हे दिसलं. यान वर असतानाच इजा किती झाली असेल याचा अंदाज काढायचा होता, आणि त्यासाठी हाताशी होतं 'क्रेटर' नावाचं एक जुनं प्रयोगाधारित सूत्र. ते ज्या प्रयोगांवर बेतलेलं होतं, त्यातल्या तुकड्यांपेक्षा हा तुकडा सुमारे चारशे पट मोठा होता. तरी त्या सूत्राने टाइलला खोलवर इजा होऊ शकते असं उत्तर दिलं होतं. पण हे सूत्र नेहमी वाढवूनच सांगतं, असं म्हणून ते उत्तर बाजूला ठेवलं गेलं. यानाचे अंतराळातूनच फोटो काढून घ्यावेत अशी अभियंत्यांची मागणी होती, तीही वरपर्यंत टिकली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. सातही जण गेले, त्यांत कल्पना होती.

चौकशीत पहिला प्रश्न साधाच होता. फोम आणि यान दोन्ही एकाच वेगाने वर जात होते. मग इतका हलका तुकडा इतक्या जोरात आदळेल कसा? उत्तर हलकेपणातच आहे. सुटल्याबरोबर तुकड्याला समोरची हवा भिडली. जड वस्तू असती तर ती सहज थांबली नसती, पण हलका फोम क्षणात मंदावला आणि मागून येणारा पंख त्याच्यावर जाऊन आपटला. सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात हे घडलं. तुकडा किती मंदावला आणि कोणत्या रेषेत गेला हे ठरवायला व्हिडिओच्या चौकटी होत्याच. शिवाय शटलभोवतीच्या हवेचं चित्र लागलं, आणि ते एकमेकांवर चढवलेल्या जाळ्यांवरच काढलेलं होतं. टकरीचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास निघाला. जुलै २००३ मध्ये तशाच वेगाने फोमचा तुकडा पंखाच्या खऱ्याखुऱ्या कडेवर झाडला गेला. सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं.

जे तंत्र घडवणाऱ्यांत ती होती, त्याच तंत्राने ती कशी गेली याचा उलगडा व्हायला मदत केली. पुढे नासाने एम्समध्ये महासंगणक उभारला त्याला 'कोलंबिया' नाव दिलं, आणि त्याच्या ५१२ प्रोसेसरच्या पहिल्या भागाचं नाव होतं 'कल्पना'.

०००

आता परत माझ्या वाटीकडे. हरवलेलं पाणी एका जागी सापडलं नाही. ते पाच ठिकाणांहून गळत होतं. ज्यांना असा उद्योग करायचा आहे त्यांच्यासाठी ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की आठवडे जातात. माझे गेले.

आधी वाटी थांबवली. वाटी जागच्या जागी आणि धार चालू, एवढंच. चालत्या गाडीत बिघाड शोधायचा नसतो. थांबलेल्या वाटीलाही पाणी कमीच भरत होतं. म्हणजे दोष निव्वळ हालचालीचा नव्हता.

मग अनाथ खण मोजले. सॉफ्टवेअर त्यांची संख्या लॉगमध्ये लिहून देतं, पण एरर म्हणून थांबत नाही. शेकडो ओळींत ती एक ओळ मी इतके दिवस वाचलीच नव्हती. आकड्यापेक्षा ते खण कुठं आहेत हे बघणं महत्त्वाचं. बहुतेक सगळे नोझल आणि वाटी यांच्या अरुंद फटीत निघाले. तिथं दोन जाळ्या जेमतेम दोन खणांपुरत्या एकमेकींवर येत होत्या. एक खण छेदात गेला, एक किनारीत गेला. मग दाता व्हायला उरलं कोण? फटीत दोन्ही जाळ्या बारीक करून चार-पाच खणांचं आच्छादन ठेवलं, तेव्हा अनाथ शून्यावर आले. कौलं शाकारताना एकावर एक किती चढवायचं हे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या माणसाला माहीत असतं. कमी चढवलं तर पहिल्याच पावसात घर गळतं.

तिसरी गळती कण्याची. वाटीच्या मधला धारदार कणा टोकाला इतका पातळ होता, की पार्श्वभूमीच्या जाळीचा एक खण त्याच्यापेक्षा जाड होता. छेद पाडणाऱ्या प्रोग्रामला तो कणा दिसलाच नाही. त्यामुळे मोठ्या जाळीत कण्याच्या जागी पाणी आरपार वाहत होतं आणि वाटीच्या जाळीत तिथं पोलाद होतं. एकाच जागेबद्दल दोन सातबारे.

चौथी गळती मापांची. वाटीजवळचे खण बारीक आणि बाहेरचे एकदम दहापट मोठे ठेवले होते. धारेची धारदार कड बारीक जाळीतून मोठ्या जाळीत गेली की एका मोठ्या खणात अर्धं पाणी, अर्धी हवा अशी कालवली जायची. त्यातून परत बारीक जाळीने आकडा उसना घेतला की तिला धारेऐवजी फेसच मिळायचा. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून बँकर इंजिनं लावतात, ते पाहिलं असेल. पुढचं आणि मागचं इंजिन एका लयीत चाललं तर आतल्या प्रवाशाला पत्ता लागत नाही. लय चुकली की दणका बसतो. किनारीवर दोन्ही बाजूंचे खण साधारण एका मापाचे हवेत, ते याचसाठी.

पाचवी गळती वाटी पुन्हा फिरवल्यावर दिसली. वाटी पुढे सरकली की तिच्या मागचे, आतापर्यंत छेदात बंद असलेले खण उघडे पडतात. त्यांना हिशोबात तर यायचं असतं, पण त्यांच्याकडे आधीच्या क्षणाचा आकडाच नसतो. एका पावलात वाटी एका खणापेक्षा जास्त सरकली तर असे इतिहास नसलेले खण ढिगाने तयार होतात. खोपोलीचा वेग धरला तर वाटी सेकंदाला साधारण पन्नास मीटर जाते. खण दोन मिलिमीटरचा असेल, तर एक पाऊल सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागापेक्षा मोठं असून चालत नाही. मी ते कितीतरी पट मोठं घेतलं होतं, लवकर संपावं म्हणून.

पाचही गळत्या बुजवल्यावर आत आणि बाहेरचं पाणी जवळजवळ जुळलं. तंतोतंत जुळलं नाही; उसनवारीची जन्मजात फट उरलीच. पण आता ती किती आहे हे मला माहीत होतं, जाळी आणखी बारीक केली की ती कमी होत होती, आणि प्रत्येक पावलाला ती छापून दाखवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट होती. स्टेटसला टाकलेलं पहिलं चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवलं तर सांगूनही फरक कळणार नाही. वाटीवर येणाऱ्या जोराचा आकडा मात्र बदलला होता, आणि टर्बाइन घडवणाऱ्याला हवा असतो तो हाच आकडा.

०००

खोपोलीच्या वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं. भिवपुरीचं उल्हासला मिळतं, आणि कर्जतमध्ये राजनाल्याच्या कालव्याने शेतीलाही जातं. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी वाहते त्याचं श्रेय बऱ्याच अंशी या पाण्याला आहे. पण खोपोलीत उतरणारं पाणी मूळचं इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. तलाव नसते तर ते भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. घाटमाथा ही दोन खोऱ्यांची किनार, आणि पाइप ती ओलांडून पूर्वेचं पाणी पश्चिमेच्या वहीत लिहितात. कृष्णेच्या पाण्याचा वाद बच्छावत लवादापुढे गेला, तेव्हा टाटांच्या वीजघरांसाठी पश्चिमेला वळवल्या जाणाऱ्या पाण्याचाही हिशोब मांडावा लागला आणि त्यालाही मर्यादा ठरली. देणाऱ्याने किती दिलं आणि घेणाऱ्याला किती मिळालं, हा प्रश्न तिथंही किनारीवरच उभा होता.

क्रेटरच्या सूत्राने कोलंबियाच्या वेळी उत्तर दिलं होतं. माझ्या लॅपटॉपनेही दिलं होतं. उत्तर मिळवणं आता फार स्वस्त झालंय. एआयने ते आणखी स्वस्त होईल, आणि चित्रं आणखी देखणी होतील. उद्या तुमच्या ऑफिसात, कॉलेजात किंवा गावातल्या पुराच्या, दरडीच्या बैठकीत कुणी असं रंगीत चित्र पडद्यावर लावेल. तेव्हा रंगांबद्दल विचारू नका. आत किती आलं, बाहेर किती गेलं आणि दोन जाळ्या कुठं भेटतात, एवढं विचारा. ज्याने काम नीट केलंय, त्याच्याकडे या तिन्हींची उत्तरं तयार असतात.